ऑप-अँप समांतर जोडताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (दादर): हेडफोनसाठी एका ५५३२ वर (एकाच आयसीत दोन ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारी सर्किटं) दुसरा ५५३२ बसवून आठही पिना एकमेकींना सोल्डर केल्या. आवाज येतो, पण दोन्ही आयसींना हात लाववत नाही.

हेडफोन काढून बघा, तरीही ते तापतील. प्रत्येक ऑप-अँपला थोडा इनपुट ऑफसेट, म्हणजे दोन इनपुटांमधला जन्मजात व्होल्टेजचा फरक, असतो. ५५३२ मध्ये तो साधारण अर्धा, जास्तीत जास्त ४ मिलिव्होल्ट. तुमच्या जोडणीत इनपुट सामायिक आहेत, त्यामुळे दोघांतला फरक ओपन-लूप गेनने (फीडबॅक नसतानाच्या वाढीने), म्हणजे सुमारे लाखपट, वाढतो. एक आउटपुट वर खेचतो, दुसरा खाली. त्यांना आवर घालते ती फक्त आयसीच्या आतली करंट मर्यादा, सुमारे ३८ मिलिअँपिअर. ±१५ व्होल्टवर हा करंट ३० व्होल्टमधून वाहतो. म्हणजे एकाच चॅनेलची उष्णता १ वॉटच्या वर गेली. सोल्डर काढून आयसी वेगळे करा.

प्रश्न (ठाणे): ३२ ओहमच्या हेडफोनसाठी योग्य जोडणी रेझिस्टरच्या मूल्यांसह सांगाल का?

गेनचं (सिग्नल वाढवण्याचं) काम एकाच ऑप-अँपला द्या आणि त्याच्या आउटपुटवर चार फॉलोअर, म्हणजे इनपुटइतकाच व्होल्टेज देणारे ऑप-अँप, थेट जोडा. प्रत्येक फॉलोअरचा इन्व्हर्टिंग इनपुट त्याच्या स्वतःच्या आउटपुट पिनला जाईल. त्या पिनेपासून १० ओहम, पाव वॉटचा रेझिस्टर. चारही रेझिस्टरांची दुसरी टोकं एकत्र करून जॅकला न्या.

नेमकी चूक होते ती फीडबॅक, म्हणजे आउटपुटवरून इन्व्हर्टिंग इनपुटला जाणारी जोडणी, घेण्यात. एकत्र केलेल्या टोकावरून फीडबॅक घेतला, की दादरच्या वाचकांसारखीच लढाई पुन्हा सुरू होते, १० ओहम असूनही. फीडबॅक पिनेवरूनच घ्यायचा.

आता हिशेब. ऑफसेट अगदी वाईट, एक +४ आणि दुसरा −४ मिलिव्होल्ट, धरला तरी ८ मिलिव्होल्ट भागिले २० ओहम (वाटेतले दोन रेझिस्टर), म्हणजे ०.४ मिलिअँपिअर. एवढं चालतं. हेडफोनला १ व्होल्ट (आरएमएस) दिला तर शिखरावर ४४ मिलिअँपिअर लागतात; प्रत्येकाच्या वाट्याला ११ येतात. आउटपुट इम्पिडन्स २.५ ओहम, ३२ ओहमसाठी उत्तम. चारही ऑप-अँपना आपापली स्वतंत्र गेनची जोडणी देणं मी टाळेन, कारण १ टक्क्याचे रेझिस्टरही गेनमध्ये फरक पाडतात आणि तो फरक थेट आपापसातला करंट बनतो.

प्रत्येक आयसीच्या ४ आणि ८ पिनांमध्ये, अगदी जवळ, ०.१ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर हवाच. नाहीतर ऐकू न येणारं ऑसिलेशन होऊन आयसी तापतो. स्टिरिओसाठी पाच आयसी लागतात, बिनलोड सुमारे ४० मिलिअँपिअर. १५-०-१५ ट्रान्सफॉर्मर, ७८१५ आणि ७९१५ हे व्होल्टेज रेग्युलेटर पुरेत. फिल्टर कपॅसिटर ३५ व्होल्टचेच घ्या. हलक्या लोडवर ट्रान्सफॉर्मरचा व्होल्टेज चढतो आणि २५ चे कमी पडतात. ७९१५ च्या पिनांचा क्रम वेगळा असतो आणि त्याची धातूची पट्टी इनपुटला जोडलेली असते. दोन्ही एकाच हीटसिंकवर बसवताना मध्ये मायका घाला.

हेडफोन लावण्याआधी आउटपुटवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या वर असेल तर लावू नका.

प्रश्न (गिरगाव): रेकॉर्ड प्लेअरच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) प्रीअँपमध्ये चार ऑप-अँप समांतर लावले तर खरखर निम्मी होईल?

नाही, वाढण्याचीच शक्यता जास्त. चार समांतर ऑप-अँपचा व्होल्टेज नॉइज ६ डीबीने उतरतो हे खरं, पण करंट नॉइज दुप्पट होतो. अशा कार्ट्रिजचा इंडक्टन्स साधारण ५०० मिलिहेन्री असतो; १० किलोहर्ट्झला तो सुमारे ३१ किलोओहम दिसतो आणि करंट नॉइज तिथे वरचढ ठरतो. ही युक्ती मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजसारख्या काही ओहमच्या सोर्ससाठी आहे.

प्रश्न (चेंबूर): लॅमिंग्टन रोडवर घेतलेले ५५३२ खरे आहेत का, कसं कळेल?

दोन्ही ऑप-अँप फॉलोअर करा, नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट ग्राउंडला, आउटपुट मोकळे. ±१५ व्होल्ट देऊन धन बाजूचा करंट मोजा. ८ मिलिअँपिअरच्या आसपास हवा. ३-४ दिसला तर बहुधा ४५५८ या दुसऱ्या ऑप-अँप आयसीवर नवं नाव छापलंय. पिना सारख्याच असल्याने तो वाजतो, पण नॉइज जास्त.

प्रश्न (डोंबिवली): घरी ५५३४ पडून आहेत, तेच फॉलोअर म्हणून चालतील?

चालतील, पण ५५३४ च्या एका आयसीत एकच ऑप-अँप असतो आणि तो ३ पेक्षा कमी गेनवर स्थिर राहत नाही. ५ आणि ८ पिनांमध्ये २२ पिकोफॅरॅड लावा.