नाव वाच, मग सुई टेकव

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. मामांच्या कपाटात झांबियाच्या पंचेचाळीसच्या (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या) रेकॉर्डींचं खोकं निघालं आणि तुझी झोप उडाली, हे समजू शकतो. युरोपातला तो व्यापारी सगळ्याला मिळून एकरकमी भाव देतोय, मित्र म्हणतायत यूट्यूबवर टाकून मोकळी हो. विकू की टाकू, असं विचारतेस. त्याच्या आधीचा प्रश्न तू विचारलाच नाहीस. त्या रेकॉर्डींवर नावं कोणाची आहेत?

तुझ्या पत्रात फझ गिटार (मुद्दाम फाटक्या, खरबरीत आवाजाची) आहे, ड्रम आहेत, खरखरसुद्धा आहे. वाजवणाऱ्या एकाचंही नाव नाही. मला राग आला तो याचा. आधी नाव वाच, मग सुई टेकव.

मामा झांबियातल्या किटवेला शिकवायला होते, म्हणजे ऐन तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात. झांबिया १९६४ साली स्वतंत्र झाला, तांब्याला भाव होता, आणि अध्यक्ष केनेथ काउंडांनी फर्मान काढलं की रेडिओवर ९५ टक्के संगीत झांबियाचंच वाजलं पाहिजे. किटवे, न्डोला, लुसाका इथली पोरं जिमी हेंड्रिक्स आणि जेम्स ब्राउन ऐकून वाढलेली. त्यांनी इंग्रजीत आणि बेम्बा, न्यान्जा या तिथल्या भाषांत आपलं रॉक उभं केलं. विच, अमानाझ, मुसी-ओ-तुन्या, न्गोझी फॅमिली हे त्यांचे बँड. लोक त्या संगीताला झॅमरॉक म्हणतात. सत्तरीच्या मध्यात तांब्याचा भाव कोसळला, देशाचा पैसा आटला, चोरट्या कॅसेटींनी उरलीसुरली विक्री खाल्ली. मग एड्स आला आणि अख्खे बँड घेऊन गेला. परदेशातले शौकीन तिथे पोचले तेव्हा विचच्या मूळ संचातला गायक इमॅन्युएल चांडा, ज्याला सगळे जगारी म्हणतात, एवढाच उरला होता. तो मधल्या काळात संगीत शिकवत होता, नंतर रत्नांच्या खाणीत पोट भरत होता. त्याला गाठलं, जुन्या रेकॉर्डी त्याच्या नावानिशी परत निघाल्या, आणि म्हातारपणी तो पुन्हा स्टेजवर उभा राहिला. २०२३ साली विचचा नवा अल्बमसुद्धा आला. कुणीतरी नाव वाचून माणूस शोधायला निघालं नसतं तर यातलं काही घडलं नसतं.

बेनिनच्या पोली-रिद्मो द कोटोनू या बँडचंही तेच. दशकानुदशकं आफ्रिकेतच वाजवून झाल्यावर २००९ साली ते पहिल्यांदा युरोपच्या दौऱ्यावर गेले. नायजेरियाच्या एनुगूचा संगीतकार विल्यम ओन्येआबोर मात्र बोलायलाच तयार नव्हता. त्याने जुनं संगीत मागे टाकलं होतं. २०१३ साली त्याच्या जुन्या गाण्यांचं संकलन जगभर गाजलं, तरी तो जवळजवळ गप्पच राहिला आणि २०१७ साली गेला. त्याचं गप्प राहणंही त्याचा हक्क होता. पण तो कळायलासुद्धा आधी त्याच्या दारापर्यंत जावं लागलं ना?

तू म्हणशील, काका, आपला काय संबंध? झांझिबारची गायिका सिती बिंती साद १९२८ साली मुंबईत येऊन एचएमव्हीसाठी स्वाहिली गाणी गायली. तिचं नाव टिकलं म्हणून आज ती गाणी शोधता येतात. संबंध मुंबईतच आहे, बघणाऱ्याला.

मला लोक खजिन्यावरचा नाग म्हणतात. एका संकलनवाल्याने माझ्याकडच्या रेकॉर्डी मागितल्या होत्या, मुखपृष्ठावर 'अज्ञात कलाकार' छापणार होता. नाव समोर लेबलावर लिहिलेलं, तरी अज्ञात! मी दिल्या नाहीत. त्यावरून जुनी मैत्री तुटली, चार लोकांत मला कंजूष ठरवलं गेलं. आजही देणार नाही. गाणं लोकांपर्यंत पोचू दे म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, पैसे कुणापर्यंत पोचले? सल मात्र वेगळाच आहे. न्गोझी फॅमिलीचा पॉल न्गोझी १९८९ साली गेला तेव्हा त्याची रेकॉर्ड माझ्या घरात वाजत होती, आणि मला ती बातमी कित्येक वर्षांनी कळली. माझ्या पिढीला फोन परवडत नव्हता, पत्रं पोचत नव्हती. तुझ्या हातात सगळं आहे, आणि तू मला भाव विचारतेस.

आता काम सांगतो. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धर. लेबलावर कंपनीचं नाव, नंबर, गाण्याचं आणि बँडचं नाव असेल. त्याखाली कंसात बारीक अक्षरांत एखादं आडनाव असेल, ते रचनाकाराचं. ते गायकाचंच असेल असं धरून चालू नकोस. त्याच्या वारसांना काही मिळायचं तर त्या बारीक अक्षरांवरूनच मिळेल. मग शेवटची खोबण आणि लेबल यांच्या मधला गुळगुळीत पट्टा बघ. तिथे मॅट्रिक्स नंबर, म्हणजे रेकॉर्ड ज्या साच्यावरून छापली त्याचा नंबर असतो, कधी कधी हाताने कोरलेला. रेकॉर्ड कुठे छापली याचा माग त्यावरून निघतो. दोन्ही बाजू वहीत उतरव. स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी सुधारू नकोस, जसं आहे तसं.

हे झाल्यावरच धुणं. डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, खोबणीच्या दिशेने. मग संगणकावर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ या दर्जात उतरव आणि मूळ फाइलमधली खरखर काढू नकोस. ती काढायची तर नंतर, वेगळ्या प्रतीवर.

मामा हयात आहेत, त्यांना आजच गाठ. कोणत्या दुकानातून घेतल्या, कोणाला प्रत्यक्ष वाजवताना पाहिलं, बँडमधलं कोणी शाळेच्या ओळखीचं होतं का, सगळं विचार. बोलणं रेकॉर्ड करून ठेव. त्यांचं वय काय, मला माहीत आहे, म्हणून घाई करतोय.

व्यापाऱ्याला अजून उत्तर देऊ नकोस. लेबलांचे फोटो पाठव, दोन्ही बाजूंचे, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, मेलने. व्हॉट्सअ‍ॅपवर अक्षरं फुटतात आणि नेमकं कंसातलं नाव वाचता येत नाही.

तुझा,
काका