मॉरिशसला नोकरीसाठी जाताय? आधी घराची जागा ठरवा

एबेनला (मॉरिशसमधली आयटी कंपन्यांची वसाहत) नोकरी आणि पुण्यातल्या टीमबरोबर काम. त्यावर तुम्ही विचारलंय की नेट भरवशाचं आहे का, गाडी लागेल का, आणि सैन्यच नसलेल्या देशात मुलांना न्यावं का. यातल्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर घर कुठे घेताय यावर अवलंबून आहे. उत्तरेकडच्या ग्राँ बेचा किनारा सुंदर आहे, पण रोज ऑफिसला जायचं असेल तर घर मेट्रोच्या मार्गावरच बघा.

मेट्रो एक्सप्रेस पोर्ट लुईहून रोझ हिल, कात्र बोर्नवरून क्युरपीपला जाते, साधारण २६ किमी. जानेवारी २०२३ पासून रोझ हिलहून एबेनमार्गे रेद्वीपर्यंत फाटाही आहे. म्हणजे कात्र बोर्नला राहिलात तर रोझ हिलला एकदा गाडी बदलायची की झालं. क्युरपीप उंचावर आहे, तिथे पाऊस आणि ओल फार. कपाटांना बुरशी धरते. उत्तरेत मेट्रो नाही, त्यामुळे ग्राँ बेहून आधी बस, मग मेट्रो, मग पुन्हा बदल. गावाकडच्या शेवटच्या बस संध्याकाळी लवकर सुटतात आणि सुट्टीच्या दिवशी कमी असतात (गणेश चतुर्थीचीही तिथे सार्वजनिक सुट्टी असते). मॉरिशसचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे. पुण्यात साडेनऊ वाजतात तेव्हा तिथे आठ, त्यामुळे दिवस लवकर सुरू होईल. शिफ्ट रात्रीची असेल तर घरी सोडायची सोय ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या.

गाडी घ्यायचीच असेल तर निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. करांमुळे गाड्या महाग, म्हणून जपानहून आलेल्या रिकंडिशन्ड गाड्यांना मागणी असते. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल चक्रीवादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या होत्या. म्हणून जुनी गाडी बघताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाचा डाग दिसतो का पाहा. गालिचा उचलून सीट ज्यांवर सरकते त्या लोखंडी पट्ट्यांवर गंज शोधा. किनाऱ्याजवळ वापरलेल्या गाडीचा तळही खाऱ्या हवेनं खाल्लेला असू शकतो.

आता नेट. घरोघरी फायबर पोहोचलंय, वेग पुरेसा मिळतो. अडचण वीज गेल्यावर येते. मोडेम आणि राउटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. ॲडॅप्टरवरचा आकडा वाचून तेवढ्याच व्होल्टेजचा आणि पुरेशा अँपिअरचा छोटा डीसी यूपीएस (वीज गेल्यावर राउटर चालवणारी बॅटरी) घ्या. घरात मोठा इन्व्हर्टर बसवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. सिम घेताना घरच्या फायबरपेक्षा वेगळी कंपनी निवडा: फायबर मॉरिशस टेलिकॉमच्या माय-टीचं असेल तर सिम एमटेलचं. एकाच कंपनीवर सगळं ठेवलं तर तिची मुख्य लाइन बंद पडल्यावर दोन्ही एकदम जाऊ शकतात. सिमला पासपोर्ट लागेल. भारतातलं सिम बंद करू नका. रोमिंग इथूनच सुरू करून घ्या, डेटा बंद ठेवा. नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि पैसे अडकतील. भारतातले मल्टीप्लगही नेऊ नका, तिथे ब्रिटिश चौकोनी पिनांची आणि युरोपी दोन गोल पिनांची सॉकेट असतात.

बेटाचं नेट समुद्राखालच्या केबलवर चालतं. त्यातली सेफ ही केबल दक्षिण आफ्रिकेहून निघून रीयुनियन, मॉरिशस, कोची करत मलेशियाला जाते. एखादी केबल तुटली तर डेटा लांबच्या वाटेनं फिरतो आणि व्हिडिओ कॉलमध्ये बोलणं उशिरा पोहोचतं. घर पक्कं करण्याआधी तिथल्या लाइनवरून मुंबईच्या सर्व्हरला संध्याकाळी पिंग करून बघा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते कळेल. नुसत्या वेगाच्या आकड्यानं हे कळत नाही.

वादळाचा मोसम नोव्हेंबर ते मे. इशारे १ ते ४ वर्गांचे. तिसरा वर्ग लागला की बस आणि ऑफिस बंद, बाहेर पडायचं नाही. म्हणून दुसऱ्या वर्गातच पाणी भरा, पॉवरबँक चार्ज करा, औषधं आणा. वीज दीर्घकाळ गेली तर मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात, तेव्हा सेलवर चालणारा रेडिओ घरात असायलाच हवा.

सैन्याची काळजी मात्र करू नका. मॉरिशसला नियमित सेना नाही. पोलिसांतलंच स्पेशल मोबाइल फोर्स हे निमलष्करी दल आहे, आपत्तीत बचावकार्यालाही तेच धावतं. समुद्रावर नॅशनल कोस्ट गार्ड असतं. त्याचं बाराकुडा हे गस्ती जहाज कोलकात्यात बांधलेलं, २०१५ मध्ये दाखल झालं. मॉरिशसच्याच आगालेगा बेटावर भारताच्या मदतीनं झालेली धावपट्टी आणि जेट्टी २०२४ मध्ये सुरू झाली. खरा धोका आक्रमणाचा नाही. जुलै २०२० मध्ये वाकाशिओ हे जहाज प्रवाळखडकावर आदळलं आणि पुढे सुमारे हजार टन तेल खाडीत पसरलं, तसल्या अपघातांचा आणि वादळांचा आहे.

पोहोचल्यावर पोर्ट लुईतल्या भारतीय उच्चायुक्तालयात नाव नोंदवा. पोलिसांसाठी ९९९, रुग्णवाहिकेसाठी ११४, अग्निशमनासाठी ११५ हे क्रमांक मुलांनाही पाठ करून द्या.