मी तर औषध मारत नाही

तासगाव-मिरज भागातल्या द्राक्षबागांत राबणाऱ्या बायका मला हमखास विचारतात, "मॅडम, बागेतल्या औषधानंच माझं खाली झालं, गर्भ पडला का?" विचारताना निम्म्या जणींनी उत्तर ठरवून टाकलेलं असतं आणि दोषही पदरात घेतलेला असतो.

ही एकोणतीस वर्षांची. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा तिसरा महिना संपायच्या आत गर्भ पडला. सोबत सासूबाई. हिचा सगळा संशय जीएवर. "घड बुडवायचं औषध हार्मोनचं असतंय म्हणं. मणी फुगवतंय, मग बाईचं काय ठेवणार?" मी सांगितलं, जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, ते झाडाचं संप्रेरक. आपली पाळी आणि गर्भ ज्यांच्यावर चालतात ती संप्रेरकं वेगळी.

"फवारायला जातेस का?" "न्हाई. औषध मालकच मारतात." मालक म्हणजे तिचा नवरा.

चौकशी बहुधा इथंच थांबते. मी तिची रोजची कामं विचारत गेले. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावायला ही टोळीत पुढं. हातमोजे सुती, तेही भिजलेले. सकाळी डावणीवर, म्हणजे वेलीवरच्या बुरशीच्या रोगावर, फवारणी झाली की दुपारी त्याच ओल्या पानांखाली घडांची विरळणी. मालकांचे फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात, हातानं. कातडीतून औषध अंगात जायला पंप पाठीवर असावाच लागत नाही.

पेस्टमध्ये असतं हायड्रोजन सायनामाइड. प्रजननाला घातक असल्याचा संशय असलेलं हे रसायन. युरोपीय संघानं २००८ मध्ये त्याला मंजुरी नाकारली. मँकोझेब हे बुरशीनाशकही तिथं २०२० नंतर बंद पडलं. आपल्याकडे दोन्ही बागेत दिसतात.

"म्हंजे औषधानंच झालं!" सासूबाई म्हणाल्या. तसंही नाही. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भांत मुळात गुणसूत्रांचाच घोटाळा असतो. कीटकनाशकांचा संपर्क आणि गर्भपात यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसतो, पण हिच्या दोन वेळांचं कारण तेच, असं कुठलीही तपासणी छातीठोक सांगणार नाही. पुरावा मिळेपर्यंत पेस्टमध्ये हात घालत राहायचं, असा मात्र याचा अर्थ नव्हे. आणि सगळं औषधावर ढकलून थायरॉइड, साखर, गर्भाशयाची सोनोग्राफी, रक्त गोठण्याच्या दोषाची तपासणी टाळायची, हे तर त्याहून वाईट.

मग काय करायचं ते सांगितलं. पेस्ट लावणं आणि औषधाची कालवाकालव बंद. फवारणी झालेल्या बागेत डब्यावरच्या पत्रकात सांगितलेला काळ संपल्याशिवाय जायचं नाही. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, आणि ते मालकांनी स्वतः धुवायचे. (यावर सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं ते पाहण्यासारखं होतं.) मूल हवं असेल तर फॉलिक ॲसिड आधीपासून, डॉक्टरांना विचारून.

राहिली मालकांची तपासणी. "त्यांना कशाला? दिवस तर राहिले की." मी १९७७ सालची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियात डीबीसीपी नावाचं कीटकनाशक बनवणाऱ्या कारखान्यात पुरुष कामगारांचे शुक्राणू घटल्याचं, काहींचे तर संपल्याचं आढळलं होतं. रोज औषधात असतो तो घरचा पुरुष, आणि सोनोग्राफीच्या रांगेत मात्र बाई एकटी.

तिच्या रिपोर्टात थायरॉइड कमी निघाला, गोळी सुरू झाली. यंदा पेस्टचं काम दिरानं घेतलंय, रबरी मोजे घालून. मालक तपासणी छाटणीनंतर करू म्हणतात. सासूबाई त्यांच्या मागं लागल्यात.