पेटंट नाकारलं, अपील कशावर करायचं?

प्रश्न : अंबड एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. द्राक्षबागेसाठी फवारणी यंत्र केलं. ओळीत वेल नसलेली जागा आली की सेन्सर नोझल बंद करतो, आणि त्यातला विलंब ट्रॅक्टरच्या वेगानुसार बदलतो. मुंबई पेटंट कार्यालयाने डी-१ व डी-२ ही दोन जुनी पेटंटं एकत्र वाचून 'हे सहज सुचण्यासारखं आहे' म्हणत अर्ज नाकारला. अपिलात टिकेल का?

उत्तर : टिकू शकेल, पण 'आमचं यंत्र चांगलं चालतं' एवढ्यावर नाही. आधी क्लेम १ काढून बघा, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितलाय ते सांगणारा अर्जातला पहिला दावा. वेगानुसार बदलणारा विलंब त्यात आहे, की फक्त वर्णनात? तुलना क्लेमशी होते. वर्णनातच असेल तर क्लेम अरुंद करणारी दुरुस्ती पेटंट कायद्याच्या कलम ५९ खाली मागावी लागेल. ती अपिलाबरोबरच मागा.

क्लेममध्ये असेल तर डी-२ चा नेमका परिच्छेद शोधा. समजा तिथे 'ठरावीक विलंब' आहे. सेन्सर नोझलच्या ७० सेंमी पुढे आणि वेग ताशी ५ किमी असेल तर विलंब साधारण अर्धा सेकंद लागतो. चढावर वेग ३ किमीवर आला की अर्ध्या सेकंदात ट्रॅक्टर जेमतेम ४२ सेंमी सरकतो. म्हणजे नोझल २८ सेंमी आधीच उघडतं, औषध वाया जातं; बंदही तितकंच आधी होतं आणि शेवटच्या वेलीची पानं कोरडी राहतात. ही अडचण डी-२ ला दिसलेलीच नाही, हा तुमचा खरा मुद्दा.

डी-१ मध्ये वेगाचा सेन्सर असेल तर मात्र सावध. 'वेग मोजता येत होताच' असं म्हटलं जाणार. तो सेन्सर औषधाचं प्रमाण ठरवायला होता की झडपेची वेळ, आणि दोन्ही जोडायचा इशारा कुठे आहे, हे विचारा. उत्तर हातात आल्यावर सगळंच सोपं वाटतं.

आदेशही नीट वाचा. जुन्यात काय होतं, तुमच्यात काय आहे आणि एकावरून दुसरं कसं सुचतं, या तिन्ही गोष्टी नोंदवणं आवश्यक आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अ‍ॅग्रीबोर्ड प्रकरणात सांगितलं. तिसरी नसेल तर आदेश रद्द होऊ शकतो. पण मग बहुधा प्रकरण फेरसुनावणीला जातं, थेट पेटंट हाती पडत नाही.

प्रश्न : मुदत किती?

उत्तर : कलम ११७-ए नुसार आदेशाच्या तारखेपासून ३ महिने. अपील मुंबई उच्च न्यायालयात. पूर्वी अशी अपिलं ऐकणारं आयपीएबी हे मंडळ २०२१ मध्येच बंद झालं. न्यायालय मुदत वाढवू शकतं, पण त्या भरवशावर राहू नका. डी-१, डी-२ च्या पूर्ण प्रती जोडा. एखादं पेटंट चिनी किंवा जपानी असेल तर नुसता सारांश चालवून घेऊ नका, परिच्छेदांचं भाषांतर करून घ्या.