जिन्यावरून आजारी माणसाला हातांनी खाली न्यायला घरात काय ठेवावं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: आईंना पॅरालिसिसचा झटका येऊन गेलाय, उजवी बाजू लुळी आहे, वजन सत्तरेक किलो. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद. दवाखान्यात न्यायचं म्हटलं की शेजाऱ्यांना हाका मारायच्या. तर घरात एक स्ट्रेचर आणून ठेवावं, की सरळ व्हीलचेअरसकट उचलून न्यावं?

दोन्ही नको.

मी बरीच वर्षं रुग्णवाहिकेवर काढली, आता नव्या स्वयंसेवकांना माणूस उचलायला शिकवतो. नवी पोरं पहिला प्रश्न वजनाचा विचारतात. मी त्यांना आधी जिना बघून यायला पाठवतो. माणूस कशातून न्यायचा हे वाटेतलं सगळ्यात अडचणीचं वळण ठरवतं, वजनाचा नंबर त्यानंतर. दांड्यांचं साधं कापडी स्ट्रेचर दोन मीटरच्या वर जातं. तुमच्या जिन्याचा चौक, म्हणजे वळणावरची सपाट जागा, मीटर-सव्वा मीटरचीच असेल तर ते आडवं फिरणारच नाही. मग पुढचा माणूस भिंतीला चिकटतो, मागचा दांड्या कठड्यावरून पलीकडे काढतो, आणि पेशंट जिन्याच्या पोकळीवर अधांतरी येतो. नाहीतर स्ट्रेचर जवळजवळ उभं करावं लागतं आणि पट्टे ढिले असतील तर आतला माणूस पायांकडे घसरतो. म्हणूनच रुग्णवाहिकेवरचे जाणते लोक चाकांचं स्ट्रेचर खालीच ठेवतात आणि वर येताना दुसरंच काहीतरी घेऊन येतात.

ही अडचण काही आजची नाही. जहाजाच्या इंजिनखोलीत माणूस जखमी झाला की त्याला उभ्या शिडीवरून, लहानशा झडपेतून वर काढावं लागे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश नौदलात त्यासाठी नील रॉबर्टसन स्ट्रेचर निघालं: जाड किंतान, त्यात उभ्या शिवलेल्या लाकडी किंवा बांबूच्या पट्ट्या. माणसाला त्यात घट्ट गुंडाळायचं आणि दोराने उभाच वर ओढायचा. त्या माणसांनी झडपेचं माप घेतलं आणि त्या मापाचं साधन बनवलं. तुम्हीही तेच करा. टेप घ्या, चौकाची लांबी-रुंदी मोजा, भिंत ते कठडा किती जागा आहे ते मोजा, जिना गोल फिरणारा आहे की सरळ ते बघा.

त्यानंतरचा प्रश्न, आई बसू शकतात का? पाठीला आधार आणि पट्टा दिला तर अर्धा तास बसून राहतात का? राहत असतील तर तुमचं काम पुष्कळ सोपं आहे. बसलेला माणूस आडव्या माणसाच्या निम्म्या जागेत वळतो. शिवाय ज्यांना धाप लागते त्यांना आडवं नेणं तसंही वाईट, आडवं केलं की धाप वाढते.

बसू शकत असतील आणि महिन्या-दोन महिन्यांतून खाली न्यावंच लागत असेल, तर माझं मत जिन्यासाठीच्या इव्हॅक्युएशन चेअरच्या बाजूने. घडीची खुर्ची असते, मागच्या बाजूला दोन रबरी पट्टे चेनसारखे फिरतात. खुर्ची मागे कलवली की ते पट्टे पायऱ्यांच्या कडांवर टेकतात आणि खुर्ची घसरत घसरत, पण घर्षणाने आवरलेली, खाली उतरते. वजन पायऱ्यांवर जातं, तुमच्या कमरेवर नाही. सपाट चौकात ती चाकांवर फिरते. बनवणारे म्हणतात एक माणूस पुरतो. शिकलेल्या माणसाला पुरतोही, पण घरच्यांनी दोघांशिवाय करू नये: एक मागे मुठीपाशी, एक खाली, तोंड पेशंटकडे करून. गोल जिन्यावर ही खुर्ची चालत नाही. पायऱ्यांच्या कडा फुटलेल्या असतील तरी नाही. आणि मुख्य म्हणजे साधी खुर्ची फक्त उतरते. परत वर न्यायला एकतर बॅटरीवर चढणारी खुर्ची हवी, नाहीतर पुन्हा माणसांचे हात. खरेदीच्या उत्साहात ही गोष्ट हमखास विसरली जाते.

या खुर्चीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचं. १९९३च्या बॉम्बस्फोटानंतर तिथे अशा खुर्च्या घेऊन ठेवल्या होत्या. ११ सप्टेंबर २००१ला ६९व्या मजल्यावरच्या, हातपाय हलवू न शकणाऱ्या एका कर्मचाऱ्याला सहकाऱ्यांनी तिच्यातूनच खाली आणलं. सुमारे दीड तास लागला. ते बाहेर पडले आणि थोड्याच वेळात इमारत कोसळली. मला त्यात खुर्चीइतकंच महत्त्वाचं वाटतं ते हे की उतरवणारे दहाजण होते आणि पाळीपाळीने हात लावत होते.

आता तुम्ही घ्यावं असं मला मनापासून वाटतं ते साधन. खुर्ची घ्या किंवा नका घेऊ, हे घ्याच: मुठींची कापडी चादर. कॅरी शीट किंवा सॉफ्ट स्ट्रेचर म्हणून मिळते. जाड, न फाटणारं कापड, कडेने जाड पट्टा शिवलेला आणि त्याला सहा, आठ किंवा दहा मुठी. घडी केली की गादीखाली मावते. वळणावर ती माणसाबरोबर वाकते, त्यामुळे चौकाची अडचण बरीचशी सुटते. सहाजण मिळाले तर सहा, चौघेच असतील तर चौघे, कोणत्या मुठी धरायच्या ते तिथल्या तिथे ठरवता येतं.

ती अंगाखाली घालायची पद्धत नर्सेसना विचारून एकदा डोळ्यांनी बघाच. आईंना डाव्या, म्हणजे चांगल्या कुशीवर वळवायचं. चादरीची अर्धी बाजू लांबीत गुंडाळून ती गुंडाळी पाठीला चिकटवून ठेवायची, उरलेली अर्धी त्यांच्या मागे पसरलेली. मग त्यांना उताणं करून थोडंसं दुसऱ्या अंगाला कलवायचं आणि पलीकडून गुंडाळी ओढून घ्यायची. लुळ्या अंगाला पूर्ण वळवू नका, तो खांदा खाली दाबला जातो. लुळा हात आधीच छातीवर घेऊन चादरीच्या आत ठेवा. चादरीला पट्टे असतील तर एक छातीवर, एक कमरेवर, एक गुडघ्यांच्या वर. थेट गुडघ्यांवर कधीच नाही. जिना उतरताना पाय पुढे, डोकं वरच्या बाजूला. डोक्याकडे सगळ्यात ताकदीची माणसं, कारण धडाचं वजन तिकडे असतं. हुकूम एकानेच द्यायचा, डोक्याकडच्याने. आणि 'तीन म्हटल्याबरोबर' उचलायचं की 'तीननंतर उचला म्हटल्यावर', हे आधी ठरवून घ्या. हसू नका, निम्मे झटके इथेच बसतात.

उलटा उतरणाऱ्या माणसाच्या मागे आणखी एकजण रिकाम्या हातांनी हवाच. त्याने एक तळवा त्याच्या पाठीवर कमरेच्या जरा वर टेकवायचा आणि पायऱ्या मोठ्याने मोजायच्या: "अजून चार... तीन... दोन... शेवटची... चौक." उलटं उतरणाऱ्याला पायऱ्या दिसत नसतात. 'चौक' ऐकलं की तो पाय सपाट टेकतो, नाहीतर नसलेल्या पायरीसाठी पाय खाली सोडतो आणि सगळी रांग हलते.

चादरीचा दोष असा की ती झोळी होते. कंबर मध्ये खचते, छाती दोन्हीकडून आवळली जाते. दम्याच्या किंवा हृदयाच्या पेशंटला हे सोसत नाही. खुबा मोडल्याची किंवा मणक्याला इजा झाल्याची शंका असेल तर चादर वापरायचीच नाही. आई घरात पडल्या आणि पाय बाहेरच्या बाजूला वळून आखूड दिसायला लागला, तर बसवू नका, उचलू नका, जमिनीवरच ऊब देऊन ठेवा आणि रुग्णवाहिका बोलवा. ते लोक स्कूप स्ट्रेचर आणतील. ते लांबीत मधोमध दोन भागांत सुटतं, दोन्ही अंगांनी माणसाखाली सरकवायचं आणि डोक्या-पायाशी खटके लावायचे, म्हणजे वळवावं जवळजवळ लागतच नाही.

वजनाचं आता. तुमचे शेजारी दणकट आहेत असं लिहिलंय, म्हणून आकडा सांगतो. माणूस हातांनी उचलताना एका व्यक्तीवर किती भार यावा याची मर्यादा अमेरिकेतल्या निऑश या कामगारांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या संशोधकाने २००७मध्ये काढली ती १६ किलोची, तीही पेशंट शांत आहे, साथ देतोय आणि भार अंगाजवळ आहे असं धरून. सत्तरला सोळाने भागलं तर पाचजण होतात. तुमच्या जिन्यावर पाचजण शेजारी शेजारी मावणारच नाहीत; एका वेळी चौघांचे हात, पाचवा पाठीवर हात ठेवणारा आणि दर चौकात टेकवून हातांची अदलाबदल, एवढं शक्य आहे. म्हणजे मर्यादा ओलांडली जाणारच. म्हणून म्हणतो, नेहमीच्या फेऱ्यांना खुर्ची, अडीअडचणीला चादर. मजला संपला की टेकवा, कुणी दमला नसला तरी. दमलेला माणूस सांगत नाही, सरळ हात सोडतो.

व्हीलचेअरबद्दल तुम्ही खास विचारलंय. साधी घडीची खुर्ची स्वतःच पंधरा-अठरा किलोची, ते आईंच्या वजनात मिळवा. लोक धरतात तिचे हात ठेवायचे दांडे आणि पायठेवणी, आणि नेमके तेच भाग निघणारे असतात. मागच्या मुठींची रबरी टोपणंही सैल असली की ओढताना हातात येतात. दारातल्या दोन-चार पायऱ्या असतील तर ठीक, ब्रेक लावून फक्त जोडलेल्या सांगाड्याला धरा. तीन मजले नाही. बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर असेल तर ती माणसाविनाही उचलायच्या भानगडीत पडू नका.

आईंच्या बाबतीत एक गोष्ट कुणीही मदतीला आलं की आधी बजावा: काखेत हात घालून उचलायचं नाही, लुळा हात धरून ओढायचं नाही. पॅरालिसिसमध्ये खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा खोबणीतून खाली सरकतो आणि मग महिनोन्महिने दुखतो. मदतीला आलेला शेजारी प्रेमाने नेमकं हेच करतो. लघवीची पिशवी असेल तर ती मूत्राशयापेक्षा खाली राहील अशी ठेवा, पण उचलण्याआधी नळी कुठे अडकली नाही ना ते बोटांनी चाचपून बघा. अंगाखाली चादरीची चुणी किंवा खिशात किल्ली राहिली तर ज्या बाजूला कळत नाही त्या बाजूची कातडी सोलली तरी त्या सांगणार नाहीत.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी मणक्याच्या दुखापतीचा माणूस असेल, आणि दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वरची असेल, तर त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. वाटेत एकदम डोकं फुटल्यासारखं दुखू लागलं, चेहरा लाल झाला, घाम सुटला, तर रक्तदाब भयंकर चढलेला असू शकतो. बसतं करा, पट्टे सैल करा, लघवीची नळी पिळली गेली आहे का ते बघा आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवा. आवळलेला पट्टा किंवा अडलेली नळी एवढंही कारण पुरतं.

दुकानदार तुम्हाला कडक प्लास्टिकचा स्पाइन बोर्डही, म्हणजे माणसाला बांधून न्यायची सपाट फळी, दाखवेल. घेऊ नका. तो अपघाताच्या जागेवरून माणूस काढायला ठीक, पण त्यावर पडून राहिलं की पाठीला आणि टाचांना फोड यायला वेळ लागत नाही. २०१३मध्ये अमेरिकेतल्या आपत्कालीन सेवेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने आणि तिथल्या शल्यविशारदांच्या ट्रॉमा समितीनेच त्याचा सरसकट वापर थांबवावा असं निवेदन काढलं. हवा काढली की अंगाच्या आकारात घट्ट होणारी व्हॅक्यूम गादी उत्तम, पण ती शिकलेल्यांच्या हातची गोष्ट आहे.

साधन यायच्या आतच वेळ आली तर? लाकडी किंवा लोखंडी, हाताशिवायची मजबूत खुर्ची घ्या. प्लास्टिकची नको, कलवली की तिचे मागचे पाय फाकतात. आईंना बसवून छातीवरून आणि मांड्यांवरून साध्या चादरीने बांधा, खुर्ची मागे कलवा, एकाने खुर्चीच्या पाठीचा वरचा भाग धरायचा, दुसऱ्याने खुर्चीचे पुढचे पाय खालून. खुर्चीही नसेल तर जाड सतरंजी, दोन्ही कडा अंगापर्यंत घट्ट गुंडाळत आणायच्या, त्या गुंडाळीची पकड चांगली बसते. मात्र तोंड नव्याने वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा छातीत दुखतंय असं असेल तर आधी रुग्णवाहिकेला फोन, उचलाउचली ते येईपर्यंत नाही.

चादर घरी आली की पहिल्या रविवारी शेजाऱ्यांना बोलवा आणि आईंच्या आधी तुम्ही स्वतः तिच्यात झोपा. एक मजला उतरवून घ्या. छत फिरताना दिसतं, कठडा कानाजवळून जातो, पोटात गोळा येतो, आणि उचलणाऱ्यांनी गप्प राहण्याऐवजी "आता डावीकडे वळतोय" एवढं बोलत राहावं असं का सांगतात ते कळतं. त्याच दिवशी प्रत्येक मुठीची शिवण ओढून बघा. एक धागा जरी सुटलेला दिसला तरी ती चादर दुकानात परत द्या, घरी शिवून घेऊ नका.