टायरवरचे चार आकडे आणि तुमची तक्रार

प्रश्न (राजारामपुरीतल्या एका वाचकांचं पत्र, थोडक्यात): नोव्हेंबर २०२५ मध्ये गाडीला परफॉर्मन्स समर टायरचा सेट बसवला. माप कंपनीचंच. चार टायरचे ५६,००० रुपये झाले. २०,००० यूपीआयनं दिले, बाकी रोख. पक्कं बिल मिळालं नाही, हातानं लिहिलेली दराची चिठ्ठी आहे. दुकानदारानं व्हॉट्सॲपवर ‘सगळा फ्रेश स्टॉक, याच वर्षीचा’ असं कळवलं होतं. आठ महिन्यांत, १४,००० किलोमीटरवर, डावीकडच्या दोन्ही टायरना फुगे आले, नक्षीही बरीच झिजली. दुकानदार म्हणतो, ‘हे उन्हाळी टायर. तुम्ही पावसात आंबा घाटातून फिरवले, वॉरंटी गेली.’ गाडी जॅकवर घेतली तेव्हा दोन टायरच्या आतल्या बाजूला १४२२ असा आकडा दिसला. आता कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, थेट तिथं दाद मागू का? विम्यातून काही मिळेल का?

उत्तर: कायद्याचं नंतर बघू. फुगा आलेले दोन्ही टायर आजच्या आज उतरवा. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत आणि हवा नुसत्या रबरावर तोलली आहे. हायवेवर भर वेगात तो कधी फुटेल याचा नेम नाही, आणि घाटात तर विचारूच नका. तुम्ही घरच्यांना घेऊन रत्नागिरीला जाता असं लिहिलंय, म्हणून हे पहिल्यांदा सांगतो. उतरवलेले टायर मात्र दुकानदाराला परत देऊ नका. ‘कंपनीला दाखवून आणतो’ म्हणाला तरी नाही. ते तुमचे पुरावे आहेत. घरी सावलीत ठेवा आणि त्यांना कुणाला हात लावू देऊ नका.

दुकानदाराची सबब टिकणारी नाही. समर टायर म्हणजे आपल्या मार्च-एप्रिल-मेचा टायर नव्हे. बर्फाच्या देशांत हिवाळ्यासाठी वेगळे टायर असतात, त्यांच्यापासून वेगळं ओळखायला हे नाव आहे. याचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होतं आणि पकड सोडतं. कोल्हापूरच्या थंडीत ही वेळ येत नाही. पाऊस तर या टायरना चालतोच. नक्षी शाबूत असेल तर ओल्या रस्त्यावर ते चांगले धरतात. त्यामुळे पावसात गाडी चालवली म्हणजे मालाचा गैरवापर केला, हे म्हणणं ग्राहक आयोगासमोर उभं राहणार नाही.

पण फुग्यांच्या जोरावर केस लढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. या टायरची कड बुटकी असते. खड्ड्याचा दणका बसला की रिमच्या काठात सापडून आतले धागे तुटतात. दोन्ही फुगे डावीकडेच आहेत, म्हणजे एकाच खड्ड्याचा मार असण्याची शक्यता मोठी, आणि असा मार बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही. झिजेचंही तसंच. पकड मिळावी म्हणून रबर मऊ ठेवलेलं असतं, ते लवकरच झिजतं. गेजनं नक्षीची खोली मोजून घ्या. १.६ मिलिमीटरला टेकली असेल तर नियमानं तो टायर रस्त्यावर चालवायचाच नाही. फक्त आतल्या काठानं झिजला असेल तर दोष अलाइनमेंटचा, दुकानदाराचा नाही.

तुमची खरी बाजू त्या १४२२ मध्ये आहे. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे हे टायर २०२२ च्या एप्रिलमध्ये तयार झाले. तुम्हाला ते साडेतीन वर्षांनी ‘याच वर्षीचे’ म्हणून विकले. जुना साठा विकणं एवढ्यानंच गुन्हा होत नाही. नीट ठेवलेला टायर तेवढ्यात वायाही जात नाही. पण जुना माल नवा म्हणून विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही त्याच कलमात येतं. इथं तुमच्याकडे दुकानदाराच्या हातचा मेसेज आहे, आणि टायरवरचा आकडा कुणाला सहजासहजी खोडता येत नाही.

तो मेसेज जपा. मोबाइल बदलू नका, चॅट पुसू नका. तो पुराव्यात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, मोबाइल-संगणकातल्या पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागेल. चारही टायरच्या आकड्यांचे फोटो काढा. एका फोटोत आकडा आणि गाडीची नंबरप्लेट दोन्ही दिसतील असं बघा. रोख रकमेसाठी त्या दिवशी बँकेतून पैसे काढल्याची नोंद असेल तर चिठ्ठीला बळ मिळेल. आयएसआय (ISI) शिक्का टायरवर आहे का, तेही पाहा. कारच्या टायरवर तो बंधनकारक आहे. नसेल तर तो मुद्दा वेगळा आणि फार गंभीर.

सर्किट बेंचकडे जायचं काम नाही. तुमचं ठिकाण कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. व्यवहार ५ लाखांच्या आत असल्यानं फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. घटनेपासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी, म्हणजे खरेदीपासून मोजून नोव्हेंबर २०२७ च्या आत. त्याआधी दुकानदाराला स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. पुष्कळ दुकानदार नोटिशीवरच तडजोडीला येतात. फुग्यांचा मुद्दा घेतलात तर आयोग टायर प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तो खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल आणि महिने जातील.

विम्याचंही विचारलंय. साध्या पॉलिसीत नुसता टायर गेला तर काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीलाही मार लागला असेल तरच टायरच्या किमतीच्या निम्मे मिळतात. टायरचं वेगळं संरक्षण घेतलं असेल तर त्याचे कागद काढा.

नोटिशीत पूर्ण ५६,००० मागू नका. १४,००० किलोमीटर तुम्ही फिरवलेत, ते आयोग विचारणारच. १४२२ च्या दोन टायरची किंमत आणि तक्रारीचा खर्च मागा. रोख किती दिली तेही खरं तेवढंच लिहा. चिठ्ठीवर जो आकडा आहे त्यापेक्षा एक रुपया जास्त नको.