विचारा तर खरं : खिडकी ठेवू की पेंग्विन पाळू?

प्रश्न : ताई, मी सव्वीस वर्षांचा आहे, तेव्हा उत्तरात अहो-जाहो नको. राहतो बोरिवलीला, नोकरी फोर्टात. सकाळी बोरिवलीहून सुटणारी स्लो पकडतो, बसायला मिळतं आणि चर्चगेटपर्यंत तासभर गेम खेळतो. हातात धरायचा गेमिंग पीसी गेल्या दिवाळीत घेतला. सात इंची, आत विंडोज 11. उतरताना बटण दाबून बॅगेत टाकतो. संध्याकाळी काढावा तर बॅटरी पार संपलेली. मित्र म्हणतो, विंडोज उडव, लिनक्स टाक (ती पेंग्विनच्या चिन्हाची सिस्टिम), म्हणजे स्टीम डेक नावाच्या लिनक्सवाल्या हातातल्या यंत्रासारखा चालेल. पण दर शनिवारी रात्री आम्ही पाच जण व्हॅलोरंट खेळतो आणि ते लिनक्सवर चालत नाही म्हणे. बाकी माझे गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातले : हेडीस, स्टारड्यू व्हॅली, एल्डन रिंग. काय करू?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : मित्र खोटं बोलत नाही आणि तुला कळलं तेही खरं आहे. व्हॅलोरंटसोबत व्हॅनगार्ड नावाचा एक राखणदार येतो. तो विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये, जाऊन बसतो आणि कोण लबाडी करतंय ते बघतो. लिनक्समध्ये त्याला बसायला जागा नाही, म्हणून गेमच सुरू होत नाही. यावर जुगाड शोधत बसू नकोस. खातं बंद व्हायचं.

पण मला एक सांग, शनिवारी रात्री तू व्हॅलोरंट त्या सात इंची पडद्यावर, अंगठ्यांनी खेळतोस का? नाही खेळत. खेळूच शकत नाहीस, कारण पीसीवरच्या व्हॅलोरंटला कंट्रोलर चालत नाही, कीबोर्ड-माऊस लागतोच. म्हणजे एकतर घरी दुसरा कॉम्प्युटर आहे, नाहीतर याच यंत्राला हब (कीबोर्ड, माऊस, मॉनिटर जोडायची डबी) लावून टेबलावर संसार मांडतोस. तसं असेल तर विंडोज ठेवावंच लागेल. घरी दुसरा कॉम्प्युटर असेल तर व्हॅलोरंट त्याच्यावर राहू दे आणि हातातल्याचा विचार वेगळा कर. मला येणाऱ्या दहातल्या सहा पत्रांत हीच गल्लत असते. जो गेम लोकलमध्ये कधीच खेळला जात नाही, त्याच्यासाठी लोकलमधलं यंत्र अडवून ठेवलेलं असतं.

तुझे बाकीचे तिन्ही गेम लिनक्सवर छान चालतात. स्टीममध्ये 2018 सालापासून प्रोटॉन नावाचा दुभाषा आहे. गेम विंडोजच्या भाषेत, डायरेक्टएक्समध्ये, 'हे चित्र काढ' म्हणतो, प्रोटॉन ते लिनक्सला कळणाऱ्या भाषेत, व्हल्कनमध्ये, सांगतो आणि ग्राफिक्स चिप चित्र काढते. दुभाषा आला म्हणजे वेळ जाणार असं वाटतं, पण मागे विंडोजचा पसारा नसल्यामुळे कितीतरी गेममध्ये ते फिटून जातं. 2022 च्या फेब्रुवारीत स्टीम डेक बाजारात आला तो याच दुभाष्याच्या भरवशावर.

आता तुझ्या मूळ दुखण्याकडे येऊ. माझ्या भाच्याकडे असंच यंत्र आहे, त्यावर लिनक्स आहे. ते मी मुद्दाम मागून घेतलं आणि चर्नी रोडहून अंधेरीला निघाले. (पन्नाशीची बाई लोकलमध्ये गेम खेळताना बघून समोरच्या मुलीने आधी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग सरळ विचारलं, "कुठल्या लेव्हलला आहात?") दादरला लोंढा आत आला. मांडीवर कोणाची तरी भाजीची पिशवी. मी वरचं बटण दाबलं, पडदा काळा, यंत्र पर्समध्ये. अंधेरीचं काम उरकून चार तासांनी घरी बटण दाबलं तर स्टारड्यू व्हॅलीतला माझा शेतकरी त्याच वाफ्यात, हातात तीच झारी घेऊन उभा. बॅटरीचे टक्के जेमतेम हलले होते. लिनक्सचं मला सगळ्यात कौतुक आहे ते या एका बटणाचं. मात्र प्रत्येक कंपनीच्या यंत्रावर ते इतकं सरळ चालतं असं नाही. तुझं मॉडेल लिनक्सवर झोपेतून नीट उठतं का, ते आधी बघून घे.

विंडोजमध्येही उपाय आहे आणि तो फुकट आहे. विंडोजची आजकालची झोप म्हणजे मांजराची झोप. डोळे मिटलेले, कान उघडे, मध्येच नेटवर्कशी बोलणं. पॉवर सेटिंगमध्ये जाऊन बटणाला 'स्लीप'ऐवजी 'हायबरनेट' दे. त्यात मेमरीतलं सगळं ड्राइव्हवर लिहून यंत्र खरोखर बंद होतं. उठायला थोडा जास्त वेळ लागतो, आणि एखादा गेम रुसतो, म्हणून आधी सेव्ह करायची सवय लाव. हे आठवडाभर करून बघ. काम झालं तर माझं पुढचं पुराण वाचू नकोस.

एक भ्रम मात्र काढून टाक. लिनक्स टाकलं म्हणून बॅटरी मोठी होत नाही. 40 वॉट-अवरची बॅटरी असेल आणि गेम 20 वॉट खात असेल, तर दोन तास. स्टारड्यूला 10 वॉटवर बसवलंस तर चार. वॉटची मर्यादा दोन्हीकडे घालता येते, लिनक्सच्या गेम मोडमध्ये ती बाजूच्या मेनूत अंगठ्याशी असते, इतकंच.

बदलायचंच ठरवलंस तर दोन वाटा. एक, स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीची स्टीमओएस, जी आर्च नावाच्या लिनक्सवर उभी आहे. 2025 च्या मे महिन्यात तिने एएमडी चिप असलेल्या इतर कंपन्यांच्या यंत्रांसाठीही दार बरंच उघडलं. दुसरी बझाइट, फेडोरा नावाच्या लिनक्सवर उभी. ती जास्त यंत्रांना सांभाळून घेते. तुझा मित्र बहुतेक हिच्याबद्दलच बोलत असणार.

आणि आता माझी फजिती ऐक. भाच्याच्या यंत्रावर मी पहिल्यांदा हा उद्योग केला तो गणपतीत, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना. शहाणपणाने बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारा पहारा) बंद केलं. मग आठवलं, त्याच्या गेमचे सेव्ह विंडोजमधून काढायचे राहिले. परत विंडोज चालू केलं तर समोर निळा पडदा : रिकव्हरी की टाका. अठ्ठेचाळीस आकडे! ड्राइव्हला बिटलॉकरचं कुलूप होतं, आणि बायोस बदललं की ते कुलूप ओळख मागतं. त्यात त्याची काही चूक नाही, माझी होती. ती की भाच्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात. खात्याचा पासवर्ड विसरलेला, आणि कोड जायचा तो बहिणीच्या जुन्या नंबरवर. तो फोन कपाटात साड्यांच्या खाली सापडला, तोवर आरतीचं तबक दोनदा फिरून गेलं होतं. तेव्हा बायोसला हात लावण्याआधी ती की कागदावर लिहून घे. मोबाइलमध्ये फोटो नको, कागदावर.

त्याहून बरं म्हणजे विंडोज पुसूच नकोस. अशा बऱ्याच यंत्रांत 2230 मापाची एसएसडी, म्हणजे सगळं साठवणारा ड्राइव्ह, असते, 22 मिलिमीटर रुंद, 30 लांब, पोस्टाच्या तिकिटाएवढी. लॅमिंग्टन रोडला जाऊन तेवढीच दुसरी घे. माप दाखवून घे, कारण दुकानदार सवयीने लॅपटॉपची लांब, 2280 वाली काढून देतो. मागचं झाकण काढल्यावर आधी बॅटरीची पिन सोडव, मग जुनी एसएसडी काढून अँटिस्टॅटिक पिशवीत ठेव आणि नवीवर लिनक्स टाक. नाही जमलं तर जुनी परत बसव, दहा मिनिटांचं काम. काही कंपन्यांचे बायोस अपडेट विंडोजमधूनच करावे लागतात, तेव्हाही ती उपयोगी पडेल. झाकण उघडल्याने वॉरंटीचं काय होतं ते मात्र आधी विचार.

एकाच ड्राइव्हवर दोन्ही ठेवता येतात, पण मी सुचवत नाही. विंडोजचं मोठं अपडेट आलं की कधी तरी बूटचा क्रम बदलतं, आणि ते घडतं नेमकं शुक्रवारी रात्री. शिवाय जागा वाटली जाते. 512 जीबीत दोन बिऱ्हाडं कशी राहणार? एल्डन रिंगसारखे दोन-तीन गेम टाकलेस की माळा भरला.

प्रश्न : मी आणि माझा मुलगा (वय 13) एकाच हॅन्डहेल्डवर खेळतो. तो ईएचा फुटबॉलचा गेम, एफसी. मी पीसी गेम पासवर (मायक्रोसॉफ्टची वर्गणीवाली गेम सेवा) जे येईल ते. ऑफिसातले सगळे लिनक्सच्या मागे लागलेत. आम्हीही बदलावं का?
— एक वाचक, माहीम

उत्तर : नाही. एफसीचा राखणदारही लिनक्सला आत घेत नाही, आणि गेम पासचे डाउनलोड केलेले गेम विंडोजवरच चालतात. तुम्ही दोघं जे खेळता ते सगळं एका झटक्यात जाईल आणि मुलगा तुमच्याशी बोलणार नाही. पेंग्विन बघायचाच असेल तर राणीची बाग जवळ आहे.

ऑनलाइन गेमच्या बाबतीत आणखी एक. आज चालतो म्हणून उद्या चालेल असं नाही. जीटीए ऑनलाइन लिनक्सवर चालत होता, 2024 च्या सप्टेंबरात त्यात बॅटलआय नावाचा राखणदार बसवला आणि दार लागलं. एपेक्स लेजेंड्सने पुढच्याच महिन्यात तेच केलं. विंडोजचा डेस्कटॉप छोट्या पडद्यावर बोटांना सापडत नाही ही तुमची अडचण असेल, तर एक्सबॉक्सचा फुल स्क्रीन मोड तुमच्या मॉडेलला आला आहे का ते सेटिंगमध्ये बघा. 2025 च्या ऑक्टोबरात तो पहिल्यांदा एका हॅन्डहेल्डवर आला.

प्रश्न : मुलगा म्हणतो अमेरिकेहून मामा स्टीम डेक आणतोय, मग वेगळा लॅपटॉप नको, अभ्यासही त्यावरच करीन. तो बी.कॉम.ला आहे. फसवतोय का?
— एक पालक, लालबाग

उत्तर : निम्मं फसवतोय. स्टीम डेकमध्ये डेस्कटॉप मोड खरंच आहे. हब, मॉनिटर, कीबोर्ड लावला की तो साधा लिनक्स कॉम्प्युटर होतो. ब्राउझर, लिबरऑफिस, इन्स्क्रिप्टने मराठी टायपिंग, सगळं होतं. पण टॅली विंडोजचं आहे आणि एमएस ऑफिसही ब्राउझरमधलंच मिळेल. बी.कॉम.च्या पोराला टॅली लागणार. शिवाय वाल्व्ह स्टीम डेक भारतात विकत नाही, त्यामुळे बिघडला तर मामाच्या बॅगेतूनच परत जाणार. लॅपटॉपचे पैसे बाजूला ठेवा, आणि हब कोणाच्या पैशाने येणार तेही मामा विमानात बसण्याआधी ठरवा.